लाल गुडघा, गुलाबी केस, निळा पाय: टॅरँटुलाचं नेमकं नाव ठरवायचं कशावरून?

अष्टपाद_मुलुंड
मंडळी, मुंबईतल्या टॅरँटुला (म्हणजे मोठे, केसाळ कोळी) पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर विक्रीच्या ज्या याद्या फिरतात त्यात नावांचा नुसता बाजार मांडलेला असतो. 'मेक्सिकन रेड नी' म्हणून वेगवेगळे कोळी खपतात. 'रोझ हेअर' कुठे विटकरी गुलाबी, तर कुठे चक्क मातकट. 'कर्ली हेअर' एकाकडे साधा, दुसऱ्याकडे 'निकाराग्वा' म्हणून चढ्या भावात. आणि 'ब्लू' या एका शब्दाखाली तर दोन-तीन खंडांतले कोळी सुखाने नांदतात.

माझं मत स्पष्ट आहे. यादीत शास्त्रीय नाव नसेल तर घेऊ नये, आणि रंगावरून जात ओळखायचा नाद सोडावा. पण मग ओळखायचं कशावरून? रंग वेगळा म्हणजे जातच वेगळी, की त्याच जातीची रंगछटा, हे घरच्या घरी कितपत ठरतं? आणि डब्यावरच्या लेबलवर नेमकं लिहायचं काय?

टिटवाळा_फास्ट
चहा घेऊन बसलो. हा धागा शंभरी गाठणार.

दुर्बिणवाला
जातीपर्यंत जायच्या आधी चार गोष्टी बाजूला काढा: वय, कात, लिंग आणि उजेड. निम्मे 'कलर व्हेरियंट' इथेच गळतात.

वय: कॅरिबेना व्हर्सिकलरचं पिल्लू गडद निळं असतं. मोठेपणी ढाल (डोक्या-छातीवरचं कवच) हिरवी होते, पोट तांबूस, पायांवर जांभळट केस. 'ब्लू पिंक टो' समजून घेणाऱ्याला पुढे फसल्यासारखं वाटतं, पण जात तीच असते. क्रोमाटोपेल्मा सायनिओप्युबेसन्स, म्हणजे आपला ग्रीन बॉटल ब्लू किंवा जीबीबी, याच्या पिल्लाच्या केशरी पोटावर काळे पट्टे असतात. निळे पाय आणि बिनपट्ट्यांचं केशरी पोट नंतर येतं.

कात: टाकायच्या आधी अंगावरचे केस विरळ आणि विटके झालेले असतात, काळा कोळी तपकिरी दिसतो. अमेरिका खंडांतल्या जातींत पोटावर टक्कल पडलेलं असेल तर ते काळंभोर होतं. नवी कात आल्यावर तोच कोळी ओळखू येत नाही. म्हणून फोटोखाली 'कात टाकून इतके दिवस' हे लिहिलेलं नसेल तर रंगाची चर्चा करण्यात अर्थ नाही.

लिंग: सिरिओपागोपस लिविडस, बाजारातला 'कोबाल्ट ब्लू'. मादी निळी, पूर्ण वाढलेला नर मातकट तपकिरी. तो 'ब्राउन फॉर्म' नव्हे, नर आहे. तोंडाजवळच्या आखूड पायांची टोकं गोळ्यांसारखी फुगलेली दिसली की वयात आलेला नर समजायचा. बऱ्याच जातींत पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला हुकासारखे आकडेही असतात.

उजेड: निळा रंग रंगद्रव्याचा नसतो. केसांच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो तेव्हा तो दिसतो. पिवळ्या बल्बखाली कोबाल्टही काळा दिसतो आणि फ्लॅश मारला की पेटतो. टॅरँटुलांत हा निळेपणा निदान आठ वेळा स्वतंत्रपणे उपजला, असं २०१५ च्या एका अभ्यासात मांडलं गेलं. म्हणजे दोन निळ्यांचं आपसात नातं असेलच असं मुळीच नाही.

शिवडीकर
नर निघाला की विकणारा तिसऱ्या दिवशी 'रेअर ब्राउन फॉर्म' म्हणून यादीत टाकतो, हे राहिलं.

मृण्मयी_पार्ले
'रंगाचा नाद सोडावा' हे सरसकट पटत नाही, अष्टपाद. कुठला रंग, अंगावर कुठे, यावर आहे सगळं.

लाल गुडघ्यांचंच घ्या. २०१७ मध्ये मेंडोझा आणि फ्रँके या संशोधकांनी या गटाची फेरतपासणी केली, डीएनए धरून. हॉबीत वर्षानुवर्षं 'ब्रॅकिपेल्मा स्मिथी' म्हणून जो पाळला जात होता तो बहुतांशी ब्रॅकिपेल्मा हामोरी ठरला, आणि 'अनिथा' म्हणून विकला जाणारा हाच खरा स्मिथी निघाला. थोडक्यात, जुन्या यादीतला स्मिथी तो आजचा हामोरी, जुनी अनिथा ती आजची स्मिथी. मूळ मुलूखही वेगळे: हामोरी मेक्सिकोतल्या कोलिमा, हालिस्को, मिचोआकानकडचा, स्मिथी खाली गेरेरोचा, मध्ये बाल्सास नदीचं खोरं.

आता ओळख. हामोरीच्या जबड्यांवर वरून पाहिलं तर करड्या पार्श्वभूमीवर दोन तपकिरी गुलाबी पट्टे दिसतात. स्मिथीत ते नसतात. हा रंगच आहे की!

दुर्बिणवाला
बरोबर, पण दोन अटी घाला. एक, हे पट्टे प्रत्येक हामोरीत दिसत नाहीत. पट्टे दिसले तर हामोरीकडे कल. न दिसले म्हणून स्मिथी, असं उलटं चालत नाही. दुसरी, पिल्लात बघूच नका. ढालीवरच्या काळ्या-केशरी नक्षीवरून वाद घालणारे खूप भेटतात, ती नक्षी दोन्हीकडे बदलते.

पक्कं करायचं तर मादीच्या कातेतली स्पर्मथिका (शुक्राणू साठवायची पिशवी) किंवा वयात आलेल्या नराच्या बल्बचा, म्हणजे तोंडाजवळच्या आखूड पायांच्या टोकावरच्या गोळ्याचा, आकार. हामोरीचा बल्ब निमुळता, स्मिथीचा रुंद.

टिटवाळा_फास्ट
नाव हामोरी केलं काय आणि स्मिथी ठेवलं काय, झुरळं तेवढीच खातो.

रेशीमगाठ
फरक खाण्यात नाही, जोडी लावताना पडतो. ब्रॅकिपेल्मात जवळच्या जातींचे संकर होतात. २०१७ आधीच्या 'स्मिथी' लेबलवर विसंबून कोणी हामोरीची मादी आणि स्मिथीचा नर एकत्र सोडला असेल तर त्या पिल्लांना आज कुठलंच नाव लागत नाही. आणि एका अंडपिशवीतून शेकडो पिल्लं निघतात, सगळी बाजारात पसरतात.

कर्ली हेअरचंही तेच दुखणं. ट्लिल्टोकाट्ल आल्बोपिलोसस, २०२० पर्यंत ब्रॅकिपेल्मा आल्बोपिलोसम. यात 'हॉबी फॉर्म' म्हणजे जुन्या पैदाशीतून आलेला, मूळ ठिकाण हरवलेला माल. त्यात दुसऱ्या जातीचं रक्त मिसळलंय असा अनेक पाळणाऱ्यांचा समज आहे. 'निकाराग्वा' म्हणजे तिथून नोंदीसह आलेली वंशावळ. तिचे केस जास्त कुरळे, दाट आणि फिकट सोनेरी दिसतात.

शिवडीकर
रेशीमताई, मग केस दाट आणि सोनेरी असले की निकाराग्वा?

रेशीमगाठ
नाही ना. नुकती कात टाकलेला हॉबी फॉर्मही झकास दिसतो. एप्रिलमध्ये रस्त्यावरच्या प्रत्येक पेटीवर 'देवगड हापूस' छापलेलं असतं, तसं आहे हे. 'निकाराग्वा' हा रंग नाही, तो पत्ता आहे. कोणाकडून, कुठल्या अंडपिशवीतून, तिचे आईबाप कुठले, हे विचारायचं. उत्तर नसेल तर तो कोळी हॉबी फॉर्म समजायचा आणि त्याच भावात घ्यायचा. पाळायला दोन्ही सारखेच शांत, सारखेच दणकट.

गोरेगावकर_काका
रोझ हेअरबद्दल कोणीच बोललं नाही. ग्रामोस्टोला रोझिया, चिलीचा. लालसर असेल त्याला हॉबीत आरसीएफ, म्हणजे रेड कलर फॉर्म म्हणतात. करड्याला 'पोर्तेरी' म्हणायची पद्धत पडली. ती दोन नावं दोन जातींची की एकाच जातीच्या रंगांची, यावर बराच काथ्याकूट झालेला आहे आणि तो डब्याबाहेरून बघून मिटणारा नाही. बाजारातले किती तरी मूळचे जंगलातून पकडलेले, कुठल्या डोंगरातले याची नोंद नाही. म्हणून लेबलवर 'रोझिया, करडा' किंवा 'रोझिया, लाल' इतकंच लिहावं. 'पोर्तेरी' लिहून उगाच खात्री दाखवू नये.

याउलट टेरिनोकायलस म्युरिनस. केशरी, मातकट पिवळा, गडद, सगळे रंग आहेत आणि जात एकच. तिथे 'उसांबारा' वगैरे ठिकाणाची नावं उपयोगी पडतात, कारण केशरी रंग त्या वंशावळीशी जोडलेला आहे. फक्त तो हाताळू नका. रंग कुठलाही असो, डोकं तेच तापट.

माहीमची_मैना
काका, तुमच्याशी सहमत, पण करड्या रोझ हेअरवरून दोन धाग्यांत महाभारत झालेलं आहे, इथे नको.

मला फोटोंबद्दल बोलायचंय. ओळख विचारणारे रात्री ट्यूबलाइटखाली, काचेतून, वरून एक फोटो टाकतात आणि 'कोणता आहे?' विचारतात. त्यापेक्षा सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीशी, थेट ऊन टाळून, फिल्टर बंद करून काढा. बाजूला पांढरा कागद ठेवा, म्हणजे रंगाची झाक कळते. शेजारी पट्टी ठेवा, मापाला. हवेत ते फोटो: ढाल सरळ वरून, जबडे समोरून, पुढच्या पायाचा गुडघा बाजूने, पोट वरून आणि पोट खालून. खालचा फोटो कोळी काचेवर चढला की बाहेरून काढायचा. उचलून उलटा करू नका.

गुडघ्याचा फोटो का, तर थेराफोसा नावाच्या कोळ्यांसाठी. २०१० मध्ये थेराफोसा स्टिर्मीचं वर्णन आलं. त्याआधी स्टिर्मी ब्लोंडी म्हणूनच विकला जायचा. स्टिर्मीच्या गुडघ्यावर लांब केस नसतात, बोडका दिसतो. ब्लोंडीचा केसाळ. तिथे रंग बघत बसलात तर दोन्ही तपकिरीच.

अष्टपाद_मुलुंड
हे कामाचं आहे. गुडघ्याकडे कधी कोणी बघत नाही. कातेतून स्पर्मथिका बघायची पद्धत कोणी नीट लिहील का?

दुर्बिणवाला
लिहितो. कात ताजी असताना उचला, वाळून कडक झालेली भिजवावी लागते. अमेरिका खंडांतल्या जातींच्या कातेवरही खाजरे केस असतात, हातमोजे घाला आणि पंखा बंद करा.

१. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून अर्धा तास बुडवा. पोटाचा भाग चुरगळलेल्या कागदासारखा असतो, तो मऊ होतो.
२. मऊ ब्रश आणि बोथट चिमट्याने पोट उलगडा. नख लावलंत की फाटणार.
३. आतल्या बाजूला चार पांढरट चट्टे दिसतील, ते बुक लंग, म्हणजे कोळ्याची फुप्फुसं. वरच्या दोघांच्या मधली आडवी रेघ शोधा.
४. त्या रेघेवर आत वळलेली कातड्याची घडी किंवा पिशवीसारखा उंचवटा असेल तर मादी. रेघ सपाट असेल तर बहुधा नर.
५. खालून मोबाइलचा टॉर्च लावून जवळून फोटो काढा. लहान पिल्लाला यूएसबी मायक्रोस्कोप लागतो, भिंगाने भागत नाही.

लिंग कळायला चौथी पायरी पुरे. जात कळायला त्या पिशवीचा आकार लागतो: एकसंध की दुभागलेली, तळ रुंद की अरुंद. तो फोटो त्या वंशाच्या (जवळच्या जातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) प्रकाशित आकृत्यांशी ताडून बघायचा. ग्रुपवरच्या फोटोशी नव्हे, कारण तिथेही लेबल कुणीतरी अंदाजानेच लावलेलं असतं.

माहीमची_मैना
आणि मग ती कात पावसाळ्यात जपायची कशी? मुंबईत जुलैत बुरशी लागते, मुंग्या वेगळ्याच.

गोरेगावकर_काका
टिपकागदावर पूर्ण वाळवून, झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसकट. पुडी गुलाबी झाली की बदला. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये, छोट्या बाटलीत. लेबल बाटलीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेलं. जेल पेन अल्कोहोलमध्ये फुटतं आणि दमट हवेत पसरतं. थर्मल प्रिंटरचे स्टिकर तर नकोच, गरमीने कोरे होतात, आणि सहा महिन्यांनी डब्यावर पांढरा चौकोन तेवढा उरतो.

घाटमाथा
अवांतर, पण आपल्याच मातीतलं. पोसिलोथेरिया वंशातल्या कोळ्यांची नावं रंगावरून फार चुकतात. वरून सगळे करडे-काळे नक्षीदार, खालून बघा. रीगॅलिसच्या पोटाखाली आडवा फिकट गुलाबीसर पट्टा असतो आणि पुढच्या पायांच्या खालच्या बाजूला पिवळं. मेटॅलिका निळा, तो सहसा चुकत नाही. पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने दोन्ही १८९९ मध्येच वर्णन केले. मेटॅलिकाचा पहिला नमुना आंध्रातल्या गुत्तीचा, तोही रेल्वेच्या लाकडाच्या वखारीतून. त्यानंतर शंभरेक वर्षं तो कुणाला दिसला नाही, २००१ मध्ये नंद्यालकडच्या जंगलात सापडला. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त'.

यांच्या चाव्यापासून मात्र जपा. यांच्या विषाने स्नायूंना पेटके येतात, दिवसेंदिवस टिकणारे.

शिवडीकर
म्हणजे पावसाळी ट्रेकला माथेरानला गेलो तर डोळे उघडे ठेवायचे.

घाटमाथा
डोळे उघडे, हात खिशात. माथेरानचं नाव घेतलंत म्हणून: हाप्लोक्लास्टस व्हॅलिडस या बिळात राहणाऱ्या टॅरँटुलाचं मूळ वर्णन माथेरानच्या नमुन्यावरून झालेलं आहे, तेही पोकॉकचंच, १८९९. बिळाचा फोटो काढा, काडी घालून बाहेर काढू नका. आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधून तर कुठलाही जीव उचलणं सरळ गुन्हा आहे. 'देशी आहे, विदेशी नाही, मग काय झालं' हा युक्तिवाद फॉरेस्टवाल्यांसमोर टिकत नाही.

मृण्मयी_पार्ले
कायद्याचं निघालंच आहे तर नावाचं महत्त्व तिथेही बघा. ब्रॅकिपेल्मा, ट्लिल्टोकाट्ल आणि २०१९ पासून अख्खा पोसिलोथेरिया वंश साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते, ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. तिथे 'रेड नी' चालत नाही, शास्त्रीय नाव लागतं. स्मिथी आणि हामोरी एकाच परिशिष्टात आहेत हे खरं, पण बिलावर एक, अर्जात दुसरं आणि डब्यावर तिसरं असेल तर निस्तरत बसा. शक्यतो विकणाऱ्याच्या कागदावरचं नाव आधी दुरुस्त करून घ्या, मग अर्ज.

रेशीमगाठ
+१. आणि 'ब्लू'वाल्यांनी एक लक्षात ठेवा. यादीत 'कायलोब्रॅकिस एसपी. इलेक्ट्रिक ब्लू' असं लिहिलेलं असायचं. 'एसपी.' म्हणजे वंश ठाऊक, जात ठरलेली नाही. पुढचं 'इलेक्ट्रिक ब्लू' हे नाव व्यापाऱ्याचं. २०२३ मध्ये थायलंडमधून कायलोब्रॅकिस नतनिचारम या नावाने त्याचं रीतसर वर्णन आलं. आता जुन्या लेबलवर ते नाव चढवायचं का? वंशावळ थायलंडमधल्या त्याच मालाची असल्याचं कळत असेल तर हो. नुसता निळा आहे म्हणून नाही. तसंच 'सीएफ.' दिसलं तर समजा: अमुक जातीसारखा दिसतो, ताडून बघायचा बाकी आहे. प्रामाणिक विक्रेताच 'सीएफ.' लिहितो, त्याला भाव कमी देऊ नका.

टिटवाळा_फास्ट
आणि ते नावापुढे कधी कंसात माणूस आणि साल, कधी कंसाशिवाय, ते काय प्रकरण आहे? छापायची चूक?

दुर्बिणवाला
चूक नाही, फार कामाची खूण आहे. कंस असेल तर मूळ वर्णन दुसऱ्या वंशात झालं होतं आणि जात नंतर हलवली. 'पोसिलोथेरिया मेटॅलिका पोकॉक, १८९९' याला कंस नाही, कारण वंश पहिल्यापासून तोच. 'ट्लिल्टोकाट्ल आल्बोपिलोसस (व्हॅलेरिओ, १९८०)' याला कंस आहे. म्हणजे कंस दिसला की जुनी नावं शोधायची, याद्यांत तीही फिरत असतात. शोधायला वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग आहे, बर्नच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचा, मोफत. तिथे जुन्या नावाने शोधलं तरी चालू नावापर्यंत पोचता येतं.

सगळी नावं वाढतच जातात असंही नाही. अ‍ॅव्हिक्युलारियाची २०१७ ची फेरतपासणी बघा, वंशात बाराच जाती उरल्या. 'मेटॅलिका' म्हणून वेगळ्या भावाने विकला जाणारा पिंक टो तेव्हा साध्या अ‍ॅव्हिक्युलारिया अ‍ॅव्हिक्युलारियात जमा झाला. यादीत मात्र तो अजून 'मेटॅलिका'च.

शिवडीकर
कारण 'मेटॅलिका'ला जास्त पैसे मिळतात.

अष्टपाद_मुलुंड
बरंच स्पष्ट झालं. 'रंगाचा नाद सोडावा' हे मागे घेतो, 'फक्त रंगावर जाऊ नये' असं करतो. आता मूळ प्रश्नाचा शेवटचा तुकडा: डब्यावर लिहायचं काय?

दुर्बिणवाला
डब्यावर कमी, वहीत जास्त. नमुना देतो.

डब्यावर: 'ब्रॅकिपेल्मा सीएफ. हामोरी. आला म्हणून: रेड नी, स्मिथी. क्रमांक ७.'

वहीत क्रमांक ७ खाली: कोणाकडून, तारीख, पैदाशीचा की जंगलातला, अंडपिशवीची तारीख माहीत असल्यास. विक्रेत्याने दिलेलं नाव जसंच्या तसं, चुकीचं वाटलं तरी. प्रत्येक कातेची तारीख आणि ढालीची लांबी मिलिमीटरमध्ये. लिंग कशावरून ठरवलं. नाव बदललं तर कधी आणि कशामुळे.

'आला म्हणून' ही ओळ कधीही खोडू नका. पुढे पुन्हा फेरतपासणी होते तेव्हा जुन्या नावावरूनच माग काढता येतो.

रेशीमगाठ
आणि 'सीएफ.' असलेला कोळी पैदाशीला लावू नका. पाळा, खाऊ घाला, पिल्लं नकोत.

माहीमची_मैना
पण विकायची वेळ आली आणि यादीत 'ओळख पक्की नाही' लिहिलं तर भाव पडतो, त्याचं काय?

गोरेगावकर_काका
पडू दे. सोबत शेवटच्या दोन काता आणि वहीच्या पानाचा फोटो द्या, मग घेणारा स्वतः स्पर्मथिका बघेल आणि घासाघीस कमी करेल.

टिटवाळा_फास्ट
घासाघीस कमी? मुंबईत? काका, तुम्ही खूप दिवसांत काही विकलेलं दिसत नाही.